कोंबड्याच्या मानेची पिसं

"दर मंगळवारी सकाळी तुमी कोंबडीच्या दुकानाम्होरं उभे असता म्हणं," पंचाक्षरी म्हणाले आणि त्यांनी चहाचा कप तोंडाला न लावताच खाली ठेवला.

शिवलिंगप्पांच्या घशात पोहे अडकले. मुरूमचे हे आडत व्यापारी पत्रिकेचं विचारतील, मानपानाचं विचारतील, अशी तयारी त्यांनी केली होती. कोंबडीची केली नव्हती.

शिवलिंगप्पांची लेक प्रतीक्षा आणि पंचाक्षरींचा मुलगा नंदीश यांचं आपसात कधीच जमलं होतं. दोघं सोलापूरला एकाच दवाखान्यात नोकरीला होते. राहिला होता नंदीशच्या वडिलांचा होकार, आणि तेवढ्यासाठीच ही मंडळी आज उमरग्याला आली होती. दोन्ही घरं लिंगायत. अंड्याचा केकसुद्धा उंबऱ्याबाहेर थांबवणारी.

"उभा असतो," शिवलिंगप्पा म्हणाले. जन्मभर कॉलेजात शिकवूनही चार माणसांत बोलायचं म्हटलं की त्यांना घाम फुटे. "पण खायला नाही. पिसं न्यायला. गावरान कोंबड्याच्या मानेची पिसं लागतात मला."

"ती कशाला?"

इथं एखादी थाप सुचली असती तर बरं झालं असतं. पण ऐनवेळी त्यांना काही सुचत नसे.

"त्यांची खोटी माशी करतो. ती गळाला बांधतो. मासे धरायला."

कोंबडी ऐकून शिवकांताबाईंना धक्का बसला होता. मासे ऐकून त्या खाली जमिनीवरच बसल्या. आपला नवरा संध्याकाळी पाय मोकळे करायला जातो, असं त्या समजत होत्या.

शिवलिंगप्पा घाईघाईनं सांगू लागले. थंड मुलखातल्या नद्यांत ट्राउट नावाचा मासा असतो. त्याच्यावरचं एक पुस्तक त्यांनी तरुणपणी वाचलं होतं. माणूस एकटाच नदीत उभा राहतो, लवचीक काठीनं दोरी हवेत झुलवतो आणि पिसांची माशी पाण्यावर अलगद टेकवतो. मासा सापडला तर पुन्हा पाण्यात सोडून देतो. ट्राउट आपल्याकडं नाही, हे त्यांना ठाऊक होतं. पण गावाची बेनितुरा नदी होती, आणि एकटं उभं राहणं त्यांना चांगलं जमत होतं. बेनितुरेच्या काठानं धुण्याचे दगड आणि म्हशींचा डोह मागं टाकला की बाभळींच्या आड नदीचं एक वळण लागे. तिथं कुणी येत नसे.

"आणि बाबांना आजवर एकही मासा सापडलेला नाही," प्रतीक्षा मध्येच म्हणाली. तसली काठी तिनंच त्यांना मागवून दिली होती. "अगदी एकसुद्धा नाही. शप्पथ!"

लेक आपल्याच बाजूनं बोलतेय, हे शिवलिंगप्पांना कळत होतं. तरी ते जरा बोचलंच.

पंचाक्षरी उठले. "चला, दाखवा. जीव जातो का न्हाय, डोळ्यानं बघतो. होकाराचं मग बोलू."

सगळे जीपमधून नदीवर गेले. पंचाक्षरी काठावर हाताची घडी घालून उभे राहिले. शेजारी त्यांच्या पत्नी उमादेवी, नाकाला पदर लावून. शिवलिंगप्पा पँट दुमडून पाण्यात उतरले. त्यांच्या मनात धाकधूक नव्हती. स्वतःच्या कुठल्याच गुणावर त्यांचा भरवसा नव्हता, पण मासा न सापडण्यावर होता.

त्यांनी दोरी झुलवली. माशी पाण्यावर टेकली. इतकी हलकी ती आजवर कधीच टेकली नव्हती.

पाणी फुटलं. काठी वाकली.

दोरी सैल सोडली असती तर मासा निसटला असता आणि लग्न वाचलं असतं. हे त्यांना स्पष्ट कळत होतं. पण हात ऐकेना. "आला!" ते ओरडले. एवढ्या मोठ्यानं ते वर्गातही कधी ओरडले नव्हते. "प्रतीक्षा, आला गं!"

प्रतीक्षानं डोळे मिटून घेतले.

मासा वर आला. चांगली रुंद चिलापी होती. शिवलिंगप्पांनी ती धरायला हात घातला आणि पाठीवरचे काटे त्यांच्या तळव्यात घुसले. त्यांनी हात झटकला. पुन्हा धरायला गेले, पुन्हा बोचले. मासा दोरीला लटकून तडफडत होता. आता त्याला सोडायचं कसं, ते पुस्तकातलं पान त्यांना काही केल्या आठवेना.

"अय्यो शिवा! मरंल की ते!" उमादेवी म्हणाल्या.

"तसं नव्हं, सर, तसं नव्हं!" पंचाक्षरी धोतर वर खोचून पाण्यात शिरले. "डोस्क्याकडून शेपटीकडं हात फिरवायचा. म्हंजी काटे निजतेत. हे असं. आता अंगठा तोंडात. गळ वढायचा न्हाय, आत रेटायचा अन् फिरवायचा."

गळ अलगद सुटला. पंचाक्षरींनी मासा तळहातावर एकदा हलकेच वर-खाली केला.

"अर्धा किलो हाय. एवढी चिलापी कालवणात वाया जाती, ही तव्यावरच..."

ते थांबले.

उमादेवींनी नाकावरचा पदर हळूहळू खाली घेतला.

"अहो," त्या म्हणाल्या, "तुमाला कसं ठावं?"

पंचाक्षरींनी वाकून मासा पाण्यात सोडला. खांद्यावरच्या पंच्यानं हात पुसले, नीट, एकेक बोट. मग बायकोकडं पाठ करून ते शिवलिंगप्पांना मोठ्यानं म्हणाले,

"सर, पोरगी पसंत हाय आमाला! आजच तारीख धरून टाकू."