राईतली शीळ

राईच्या तोंडाशीच घड्याळजीने बाईंना हाताने थांबवलं. आतून शीळ आली. तीन सूर वर, एक खाली. वनखात्याच्या त्या पक्षीतज्ज्ञ बाई जागच्या जागी उभ्या राहिल्या. शीळकरी पक्षी या भागात कित्येक वर्षांत कुणाला दिसला नव्हता, ऐकूही आला नव्हता.

राईवर कुऱ्हाड पडणार होती, तिथून नवा रस्ता जाणार होता. इथे शीळकरी आहे हे बाईंना पटलं, तरच रस्ता वळवणार होते. घड्याळजीचा जीव त्या एका शिळेला टांगला होता. दुकानात गिऱ्हाईक खोळंबायचं आणि हा राईत. लोक हसायचे, की दुसऱ्यांची घड्याळं लावून देणाऱ्याला स्वतःची वेळ तेवढी कळत नाही.

बायको मात्र कधी हसली नाही. ती रोज बरोबर यायची. मोबाइलवर शीळकऱ्याची जुनी शीळ वाजवायची, ऐकून एखादा तरी उत्तर देईल म्हणून. तिला छातीचं दुखणं होतं. शीळ संपली की खोकला यायचा, आणि पाखरं उडतील म्हणून ती रुमाल तोंडाशी दाबायची. उत्तर कधी आलं नाही. गेल्या हिवाळ्यात ती गेली. घड्याळजीने तिचा मोबाइल कपाटात टाकला आणि राईत जाणं सोडलं. परवा पाय आपसूक तिकडे वळले, तर लांबून शीळ. ती असती तर, या विचाराने तो तिथेच रडला. मग त्याने बाईंना फोन लावला.

शीळ पुन्हा आली, आता अगदी जवळून. बाईंचा चेहरा फुलला. आणि त्याच फांदीवरून कुणीतरी खोकलं. दोनदा बारीक, एकदा लांब, दाबून धरलेलं.

पानं हलली. फांदीवर काळाभोर कोतवाल बसला होता. दुसऱ्या पाखरांच्या नकला करण्यात त्याचा हात धरणारा कुणी नाही. त्याने शीळ घातली आणि मागोमाग खोकला काढला, क्रम न चुकवता.

बाईंनी दुर्बीण खाली घेतली. रस्ता आता सरळच जाणार होता.

“शीळ कुणाच्या तरी मोबाइलवरून उचलली असणार,” त्या हळू आवाजात म्हणाल्या. “पण खोकला कुणाचा?”

“बायकोचा,” घड्याळजी म्हणाला. फांदीवरची नजर त्याने काढली नाही. “झाडं कधी पाडणार आहेत?”