लिंबू टोचलेला चाकू

नवरदेवाने चाकूच्या टोकाचं लिंबू उपटलं आणि जीपच्या खिडकीतून बाहेर भिरकावलं. मग चाकू रुमालात गुंडाळून सफारीखाली कंबरेला खोसला.

"आरं, काय केलंस ह्ये!" शेजारी बसलेली गीताबाई आत्या किंचाळली. "हळद लागल्यापासनं अक्षता पडंस्तवर चाकू हातातनं सोडायचा नसतोय. बाधा व्हती!"

"आत्या, गप बस. पुढं पोलीस हायेत."

शिरूर मागे टाकून जीप न्हावऱ्याच्या रस्त्याला लागली होती. २००४ चा एप्रिल. लोकसभेची निवडणूक असल्याने नाक्यावर गाड्या तपासत होते. कवठे येमाईचा हनुमंत केडगावला मोनिकाशी लग्न लावायला निघाला होता, पण या घडीला बिचाऱ्याच्या डोळ्यांपुढे मोनिका नव्हती. दोन वर्षं पहाटे उठून तो धावला होता आणि नुकतीच पोलीस भरतीत त्याची निवड झाली होती. राहिली होती फक्त चारित्र्य पडताळणी. एक गुन्हा नावावर चढला की सगळं पाण्यात. सार्वजनिक ठिकाणी शस्त्र बाळगणं गुन्हा आहे, हे त्याने भरतीच्या पुस्तकात वाचलं होतं. त्यापुढे काय लिहिलंय, ते मात्र वाचायचं राहून गेलं होतं.

हवालदाराने हात केला. जीप थांबली.

"कुठलं वऱ्हाड? दारू, शस्त्र, काय हाय का गाडीत?"

"कवठे येमाईचं, साहेब. दारू, शस्त्र, काहीच न्हाई," हनुमंत एका दमात म्हणाला. मुंडावळ्यांखालून घाम हळदीसकट गालावर उतरला.

हवालदाराने मान हलवली आणि तो बाजूला झाला. ड्रायव्हरने गिअर टाकला. तेवढ्यात आत्या खिडकीतून अर्धी बाहेर आली. भुताखेतांपुढे तिला पोलिसांची काय मातब्बरी!

"सायेब, तुमीच ह्याला चार शब्द सांगा. चाकू कंबरंला खोसून बसलाय. हातात धर म्हनलं तर ऐकंना!"

हवालदाराने हनुमंतला खाली उतरवलं, बाजूला नेलं आणि चाकू काढून घेतला. हनुमंतला रडूच कोसळलं. भरती, पडताळणी, पुस्तक, सगळं त्याने हुंदके देत सांगून टाकलं.

हवालदाराने रुमाल सोडला. आत लाकडी मुठीचा, भाजी चिरायचा चाकू होता. तो हसला नाही.

"आरं, घरातला चाकू. रीत म्हणून लिंबू टोचून हातात धरला असतास, तर कुणी गुन्हा म्हणलं नसतं. चाकू कशासाठी जवळ हाय, ह्ये बघतोय कायदा. लिंबू व्हतं तवा त्ये दिसत व्हतं. तू लिंबू फेकलंस, चाकू लपवलास, वर खोटं बोललास. आता मी काय समजायचं?"

आत्या तोवर रस्त्याकडेच्या रसवंतीवरून नवं लिंबू घेऊन आली होती. हवालदाराने ते स्वतः टोकाला टोचलं आणि चाकू नवरदेवाच्या हातात दिला.

"जा. अक्षता पडंस्तवर असाच धर. सगळ्यांना दिसंल असा."

हनुमंतचा जीव भांड्यात पडला. तरी पाय निघेना.

"साहेब, ह्ये पडताळणीत येईल का?"

"कवठ्याचं बीट, तिथली समदी चौकशी, माझ्याकडंच हाय. मीच लिहिणार."

"मग... काय लिहिणार, साहेब?"

हवालदाराने जीपकडे पाहिलं. आत्या ड्रायव्हरला, गाडी कशी हाकावी, ते समजावून सांगत होती. आता मात्र त्याला हसू आवरेना.

"लिहितो की, घरात अशी आत्या हाय. पोराला गुन्हा करायची सोयच न्हाई."