कार्डावरच्या रात्री

"तुझ्या हॉटेलात टॉवेल दोनदा मागावा लागतो, आणि तू मला कार्डाच्या गोष्टी सांगतोस?" थोरला म्हणाला.

"मागितला तर मिळतो तरी. तुझ्याकडे फुकटचा नाश्ता म्हणजे उकडलेली अंडी आणि वेटरचं सुतकी तोंड," धाकटा म्हणाला. "माझ्याकडे आमलेट समोर करून देतात."

भांडण चाललं होतं थोरला नेहमी उतरायचा त्या हॉटेलच्या काउंटरवर, आणि तेही चारचौघांत, घसा ताणून. आलेल्या पाहुण्याला देतात ते सरबत धाकट्याने संपवलं, पाणचट आहे म्हणाला आणि दुसरा ग्लास उचलला.

मागे सोफ्यावर दोघांचा बाप बसला होता. सोफा इतका मऊ, की म्हातारा त्यात रुतला होता आणि गुडघे छातीपाशी आले होते. त्याची बहीण या शहरातल्या इस्पितळात शेवटच्या घटका मोजत होती. तिला बघायला तो आला होता. सकाळपासून त्याचं एकच चाललं होतं, "कधी निघायचं रे?" पेशंटला भेटायची वेळ सुरू होऊन केव्हाच अर्धी सरली होती.

"रूम मिळाली की निघालोच, बाबा," थोरला म्हणाला. हेही तो सकाळपासून म्हणत होता.

रूम तर कधीची तयार होती, पण मागच्या बाजूची. थोरल्याला समुद्राकडची हवी होती. सोन्याच्या कार्डाला समुद्र फुकट असतो म्हणे.

थोरला पाण्याचे पंप विकायचा आणि धाकटा औषधं. दोघं बारा महिने फिरतीवर, खर्च कंपनीचा. जितक्या रात्री एकाच हॉटेलवाल्याच्या गावोगावच्या हॉटेलांत काढाल तितक्या कार्डावर चढतात. रात्री वाढल्या की कार्ड चांदीचं होतं, मग सोन्याचं, मग त्याच्याही वरचं. असतं प्लास्टिकचंच. पण हे दोघं खिशातून असं काढायचे, की जणू लढाई मारून पदक आणलंय. थोरल्याचा हॉटेलवाला वेगळा, धाकट्याचा वेगळा. म्हणून काल बापाला रस्त्यापलीकडे धाकट्याच्या हॉटेलात झोपवला आणि आज इकडे आणला. मांजर पिल्लं हलवतं तसं. मांजराला निदान पिल्लांची काळजी असते.

"आत्याने अजून चार रात्री काढल्या ना, तर माझं पुढचं कार्ड इथेच होतंय," थोरला म्हणाला.

"चारही तुझ्याकडे? दोन माझ्याकडे. वाटणी म्हणजे वाटणी."

आत्याच्या उरल्यासुरल्या रात्री वाटून घेताना दोघांपैकी एकाचीही जीभ अडखळली नाही.

एवढ्यावर भागलं असतं तर ठीक. पण नवा मेंबर आणून दिला की कार्डावर पाच रात्री बक्षीस चढतात. काल धाकट्याने बापालाच मेंबर करून टाकलं होतं, आणि ते थोरल्याला रात्रभर सलत होतं. म्हणून आज बापाचा फोन थोरल्याच्या हातात होता. त्यावर ओटीपी येणार, तो काउंटरवरच्या मुलीला वाचून दाखवायचा, की झाला बाप इथलाही मेंबर.

फोन वाजला.

"ताई आहे," धाकटा मान लांब करून म्हणाला. ताई म्हणजे आत्याची मुलगी. इस्पितळात तीच बसून होती.

"आत्ता नको, ओटीपी यायचाय." थोरल्याने फोन कापला.

"कोणाचा होता रे?" म्हाताऱ्याने सोफ्यावरून विचारलं.

"कंपनीचा, बाबा. जाहिरातवाले."

पुन्हा वाजला, पुन्हा कापला. "हिला धीर म्हणून नाही. येतोच आहोत ना आपण," धाकटा म्हणाला.

तिसऱ्यांदा वाजला तेव्हा म्हातारा उठायला लागला. सोफा सोडेना. दोन्ही हातांनी रेटा देऊन तो कसाबसा उभा राहिला, काउंटरपाशी आला आणि थोरल्याच्या हातातून त्याने फोन काढून घेतला. तोवर थोरल्याने तोही कापला होता. म्हाताऱ्याने स्क्रीनवर भाचीचं नाव पाहिलं आणि उलटा फोन लावला. त्याला ऐकू कमी यायचं, म्हणून स्पीकर कायम चालू असायचा. ताईचा आवाज सगळ्यांनी ऐकला.

"मामा, किती फोन केले. आई बोलली आज. सकाळपासून एक शब्द नव्हता, आणि मघाशी म्हणाली, दादाला लाव. मी फोन तिच्या कानाशी धरून बसले होते. वाजायचा आणि कट व्हायचा. शेवटी तीच म्हणाली, कामात असेल तो, राहू दे."

"आणि आता?"

"आता डोळे मिटलेत. श्वास चालू आहे."

धाकट्याने ग्लास खाली ठेवला. थोरल्याने मान खाली घातली. शरमेनं घातली असेल असं वाटावं, पण तो बापाच्या फोनकडे बघत होता.

"बाबा, आला बघा. वर मेसेज आलाय," तो म्हणाला. "तेवढे आकडे वाचा, की मी स्वतः गाडीने सोडतो तुम्हाला."

"समुद्राकडची रूमसुद्धा तयार झालीय, सर," काउंटरवरची मुलगी म्हणाली.

म्हाताऱ्याने खिशातून चष्मा काढून डोळ्याला लावला. थोरल्याचा चेहरा उजळला. म्हाताऱ्याने वरचा मेसेज अंगठ्याने बाजूला सारला आणि फोन तोंडाजवळ नेला.

"पोरी, तिच्या कानाशीच धरून ठेव. ती बोलली नाही तरी चालेल, मी बोलत बोलत येतो." मग त्याने आवाज खाली आणला. "ऐकतेस ना गं? मी कसल्या कामात? नुसता बसलो होतो."

"बाबा, आकडे तेवढे..." थोरला वाटेत आडवा आला.

"बाजूला हो," म्हातारा म्हणाला. "मला आता निघायला हवं."