मोठी दुर्बीण की लहान

कावळा माडावरून उतरायला तयार नव्हता.

आचऱ्याच्या खाडीकाठी, वाळूवर, केळीच्या पानात दहाव्याचा पिंड ठेवून पाऊण तास झाला होता. माणसं वीस पावलं मागे सरून उभी होती. गुरुदास मास्तरांच्या मुलाने, विनीतने, हात जोडून आईला सांभाळायचा शब्द दिला. घर विकणार नाही म्हणून सांगितलं. आंब्याच्या कलमांची निगा राखीन म्हणाला. कावळा झावळीला चोच घाशीत बसून राहिला.

"जिवंतपणी अर्धो मार्क सोडूक नाय, आता सोडतलो?" मास्तरांचा जुना विद्यार्थी निलेश हळूच म्हणाला. दोघेचौघे हसले.

मास्तरांची मुलगी, भार्गवी, लांब सुरूच्या झाडाखाली बसली होती. दहाव्याला बायकांनी यायची त्यांच्या घरात रीत नव्हती. ती आली, आणि कुणी तिला जा म्हणालं नाही. गेल्या आठवड्यात मंगळवारी पुण्याला तिच्याकडे बाबा गेल्याचा फोन आला तेव्हापासून तिला फारसं काही जाणवत नव्हतं. वाळू तापली आहे, हेसुद्धा तिला इतरांचे उचलले जाणारे पाय पाहून कळलं.

मास्तरांच्या भावाने, गुरुप्रसादकाकांनी, तिला हाक मारली. "इकडे ये गो. तेच्या मनात काय होता, ता तुकाच म्हायत. दर रयवारी तो तुझ्याकडेच बोलत होतो."

मनात काय होतं ते सगळ्या गावाला ठाऊक होतं. दुर्बीण. ताऱ्यांचे फोटो काढायची. दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाल्यावर मास्तरांनी त्यासाठी साठ हजार बाजूला काढले आणि तिथेच अडकले. तेवढ्या पैशांत एक तर मोठी दुर्बीण येत होती, पण हलक्या स्टँडवर. नाहीतर लहान दुर्बीण, पण ताऱ्यांच्या मागोमाग मोटरवर फिरणाऱ्या भक्कम स्टँडवर. एका रविवारी ते फोनवर म्हणत, मोठीच घ्यावी, अंधुक तारेसुद्धा पकडता येतील. पुढच्या रविवारी म्हणत, फोटोला तीन-तीन मिनिटं शटर उघडं ठेवावं लागतं, तेवढ्यात पृथ्वी फिरते. स्टँड ताऱ्याच्या मागोमाग फिरला नाही तर फोटोत ताऱ्याची रेघ होते. मग लहान. त्याच्या पुढच्या रविवारी नवीनच अडचण निघे: तो स्टँड ध्रुवाच्या रोखाने बसवायचा, आणि ध्रुव आचऱ्याहून क्षितिजाच्या वर जेमतेम सोळा अंशांवर, नेमका शेजाऱ्यांच्या माडाआड. मग पुन्हा मोठी. शेवटी प्रश्न ठरलेला: "तू सांग गो, मोठी घेव काय ल्हान?"

शेवटच्या रविवारी ती ऑफिसचं काम घरी घेऊन बसली होती. "खंयची पण घेवा बाबा, पण एकदा घेवा," असं म्हणून तिने फोन ठेवला होता.

ती पुढे येईपर्यंत विनीतने दुर्बिणीचाही शब्द देऊन पाहिला. आणतो म्हणाला, सगळ्यात महागातली. कावळ्याने मान वळवली.

"असा मोघम नाय," काका म्हणाले. "तेका मोघम उत्तर कधी चालला नाय. खंयची ता नाव घेवन सांग."

सावलीत बसलेल्या भटजींनी दर्भाचा कावळा करायला घेतला. पाच मिनिटांत तो झाला असता, पिंडाला टेकवला असता, आणि शिवला असं समजून सगळे घरी गेले असते. भार्गवीला ते नको होतं. दोन वर्षं बाबांनी तिला एकच प्रश्न विचारला होता. निदान आज त्याचं नीट उत्तर द्यायला हवं होतं.

कावळा अडलाच तर नावं अचूक घेता यावीत म्हणून सकाळी तिने त्यांच्या टेबलावरची दुर्बिणीची वही पिशवीत टाकली होती. ती तिने आता पहिल्यांदा उघडली.

पहिल्याच पानावर आखलेल्या रकान्यांत दोन्ही दुर्बिणींची तुलना होती. खाली लाल शाईने, गणिताच्या उत्तराखाली मारतात तशा दोन रेघा मारून लिहिलं होतं: 'लहान दुर्बीण, भक्कम स्टँड. निर्णय पक्का.' तारीख दोन वर्षांपूर्वीची होती. निवृत्तीनंतरच्या पहिल्याच आठवड्यातली.

पुढची पानं नोंदींनी भरलेली होती. तारीख, मिनिटं, शेरा. आधी तिला वाटलं, ताऱ्यांच्या नोंदी असतील. पण सगळ्या तारखा रविवारच्या होत्या.

'अकरा मिनिटे. मोठीची बाजू घेतली. भार्गवी भांडली.'

'एकोणीस मिनिटे. ध्रुव माडाआड जातो ते सांगितले. हसली.'

पानामागून पान. शेवटची नोंद होती: 'तीन मिनिटे. कामात होती.'

भार्गवीने वही मिटली. ती पिंडाजवळ गेली. तिने हात जोडले नाहीत, शब्दही दिला नाही.

"बाबा, माका अजून कळना नाय," ती म्हणाली. "मोठी घेव काय ल्हान? नीट समजावून सांगा."

मग ती मागे सरून उभी राहिली.

थोड्या वेळाने माणसांत "शिवलो, शिवलो" झालं. भटजींनी हातातले दर्भ खाली ठेवले. काकांनी डोळे पुसले. चपला शोधत, बोलत, सगळे आंघोळीला पाण्याकडे निघाले. विनीतने तिला चल म्हणून खूण केली.

भार्गवी जागची हलली नाही. बाबा समजावून सांगायला लागले, की दहा मिनिटं तरी जायची.