साक्षीचा अंगठा

मी जोयड्याकडच्या होमस्टेंची वायरिंगची कामं करतो. कामं माझी मीच धरतो, त्यामुळे पगाराचा कागद म्हणून काही नसतो. मुलीच्या वसतिगृहाच्या सवलतीसाठी उत्पन्नाचा दाखला हवा होता. कचेरीत म्हणाले, कमाई तोंडी सांगा आणि शेजारचा एक साक्षीदार आणा. मी परशूकाकांना घेऊन गेलो. ते जंगलात मजुरीला जातात, थोडं भात पिकवतात, आणि माझं बोलणं कधी मोडत नाहीत.

कारकुनानं विचारलं, "वर्षाची कमाई?"

"तीस हजार," मी सांगून टाकलं. गेल्या महिन्यात एका होमस्टेनंच मला तेवढे दिले होते.

काका माझ्याकडे बघतच राहिले. मग कारकुनाला म्हणाले, "दत्ता खोटं बोलायचा न्हाई. लिवा तुमी." आणि त्यांनी अंगठा उठवला.

परतताना जीपमध्ये ते एक शब्द बोलले नाहीत. मला वाटलं, ओळखलं यांनी. मीही मान खाली घालून बसलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडलं, तर काका डोक्यावरून अर्धं पोतं तांदूळ उतरवत होते. अंगण ओलं होतं, म्हणून पोतं त्यांनी माझ्या नव्या बाईकच्या सीटवर टेकवलं.

"काका, हे कशाला?"



"असू दे रं. येवढी वर्सं मला वाटायचं, वाडीत समद्यात गरीब आमीच."