मास्तरचा बारावा धडा

“हा माणूस जरा सावकाश नाही का शिकवू शकत?” उल्हासने फोनवरचा व्हिडिओ थांबवला आणि डाव्या हाताची बोटं झटकली.

“परत लाव की. मास्तर काय पळून चाललाय?” कौमुदी ओट्यापाशी कांदा चिरता चिरता म्हणाली.

आठवा धडा चालू होता. फोन चहाच्या डब्याला टेकवलेला आणि पडद्यावर फक्त दोन हात आणि एक गिटार. आवाज जरा नाकातला. मराठी चोख, पण मधूनच ‘छान’ म्हणायला इथल्या आयरिश लोकांसारखा एखादा ‘ग्रँड’ पेरलेला. चुकलात? ग्रँड. परत.

“याचा चेहराच दिसत नाही गं. समोर माणूस दिसला की शिकायला बरं वाटतं.”

“अरे, चेहऱ्याने वाजवायचंय का तुला?”

मार्चमध्ये उल्हास सायकलवरून पडला होता. ब्युमॉन्टच्या हॉस्पिटलात डोक्याचं ऑपरेशन झालं, सात आठवडे तिथेच गेले. काही गोष्टी निसटतील, डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, त्यांच्या मागे धावू नका. निसटल्याच. पासवर्ड गेले, शेजारच्या म्हाताऱ्याचं नाव गेलं. कपबश्या कुठल्या प्रेसमध्ये, म्हणजे इथल्या भाषेत कपाटात, असतात हे अजून विचारावं लागे, आणि कौमुदी हसून म्हणे, “तुला ते आधी तरी कुठे ठाऊक होतं?”

डाव्या हाताची बोटं मात्र आळसावली होती. विणकाम करा नाहीतर एखादं वाद्य शिका, असं थेरपीवालीने सुचवलं. विणकामाला उल्हासने हात जोडले. त्याच संध्याकाळी कौमुदीने माळ्यावरून गिटार काढली, ओल्या फडक्याने पुसली आणि त्याच्या मांडीवर ठेवली.

“कोणाची गं ही?”

“होती एकाची. आता वाजवत नाही तो.”

“मग परत नको द्यायला?”

“मागेल तेव्हा देऊ.” आणि ती घाईने फडकं धुवायला गेली.

मास्तरही तिनेच शोधून दिला. उल्हासने दुसरे दोघे-तिघे काढून पाहिले, पण ती हटून बसली. हाच बघ. एकूण अकरा धडे आहेत.

तर असा उन्हाळा गेला. बाहेर भुरभुर पाऊस, मधेच लख्ख ऊन, आणि आत उल्हासची टुणटुण. बोटांच्या टोकांना तारांचे वळ उठले, मग तिथली कातडी जाड झाली. उल्हासला त्या कातडीचा कोण अभिमान! मास्तरने तारा लक्षात ठेवायला एक ओवी बांधली होती. तीही त्याला पाठ झाली.

*पहिली ग तार, जशी लेक माझी बोले,*
*सहावी ग तार, तिथं बापाची मान डोले.*

“मास्तरला लेक असणार,” एकदा तो म्हणाला. “लेक असल्याशिवाय असं सुचत नाही.”

कौमुदीने कढईवर झाकण ठेवलं. “असेल.”

कधी कधी तर बोटं मास्तरने सांगायच्या आधीच आपल्या जागी जाऊन बसत. सोप्या चाली असतील, उल्हासला वाटे. पण एफ ही कॉर्ड काही केल्या वाजेना. एका बोटाने सहाच्या सहा तारा दाबायच्या म्हणजे आडव्या झोपलेल्या म्हशीला एका हाताने उठवायचं.

आणि अकराव्या धड्यातल्या गाण्यात नेमकी एफ होती. ते गाणं त्याला रेवासाठी हवं होतं.

रेवाला या शनिवारी सोळा पूर्ण होणार होती. पोर एवढी उंच कधी झाली, हे बापाला कोडंच होतं. हॉस्पिटलातून तो आल्यापासून ती त्याच्याशी पाहुण्यासारखी वागायची. त्याने फोन लावला, मास्तर बोलू लागला, की ही उठून वर निघून जाई. “काय झालं गं?” “नथिंग, बाबा. आय अ‍ॅम ग्रँड.” आणि दार बंद.

लेकीने एकदा समोर बसावं, एक गाणं पुरतं ऐकावं. एवढंच त्याला हवं होतं. बाकी तो सुखात होता.

शनिवारी तो सकाळी लवकर उठला. अंघोळ झाली, दाढी झाली. दुपारी केक कापून झाल्यावर त्याने गिटार उचलली. रेवा लगेच उठली.

“बस ना गं. आज फोन नाही लावत. मीच वाजवतो.”

ती खुर्चीच्या कडेवर टेकली. उल्हासने वाजवायला घेतलं. पहिली ओळ गेली, दुसरी गेली. तिसरीत एफ आली. त्याने श्वास धरला, बोट आडवं टाकलं, आणि सहाच्या सहा तारा स्वच्छ बोलल्या.

गाणं संपलं तरी रेवा जागची हलली नाही. तिचे गाल ओले होते.

“वाईट वाजलं का गं एवढं?”

ती हसली, रडली आणि येऊन त्याला घट्ट बिलगली. लेकीच्या केसांवर हात ठेवून उल्हास तसाच बसून राहिला. असं वाटलं, सगळ्या उन्हाळ्याची मजुरी एकदम हातात पडली.

“मास्तरला कळवायला हवं गं,” तो कौमुदीला म्हणाला. “व्हिडिओखाली लिहिता येतं ना? एफ वाजली म्हणून.”

कौमुदीने रेवाकडे पाहिलं. “उल्हास, अजून एक धडा आहे. बारावा.”

“तू तर अकरा म्हणाली होतीस!”

“मॉम, आर यू शुअर?” रेवाने विचारलं. कौमुदीने मान हलवली. रेवाने फोन त्याच्यासमोर उभा केला.

तेच दोन हात. तोच नाकातला आवाज. “तर मंडळी, आज शेवटची चाल.” चार सूर वाजले आणि कुठून तरी लहान मुलीची हाक आली, “बाबा, केक!” एक चिमुरडी धावत आली, गिटार बाजूला ढकलून मांडीवर चढली. तिचा पाय लागून कॅमेरा कलंडला.

“अगं रेवा, धडा चाललाय! मंडळी, ही माझी लेक. आज चार वर्षांची झाली.”

हसत हसत मास्तर कॅमेरा सरळ करायला वाकला, आणि त्याचा चेहरा पहिल्यांदाच पडद्यावर आला.

आज सकाळी उल्हासने त्याच चेहऱ्याची दाढी केली होती.