सहा दाया

माशांच्या मिशा सोलवटू नयेत म्हणून तिनं नव्या चार फुटी टाकीत मऊ वाळू अंथरली आणि तळाशी राहणारे सहाही मासे जुन्या टाकीतून तिथं सोडले. शेजारीच छकुलीचा पाळणा होता.

तिसऱ्या दिवशी तिच्या लक्षात आलं. मासे पाळण्याकडे तोंड करून बसत, आणि छकुलीच्या श्वासाबरोबर त्यांचे कल्ले हलत. तिला उचकी लागली की सहाही जण दचकत.

"आता तरी तिच्या नाकाशी बोट धरणं सोड," नवरा हसला. "सहा-सहा दाया ठेवल्यास की!"

तिनं खरंच सोडलं. तीन महिन्यांत पहिल्यांदाच तिला गाढ झोप लागली.

आज सासरे छकुलीला बाबागाडीतून फिरवायला घेऊन गेले. "तू जरा पाठ टेक, सूनबाई."

मासे आता दाराकडे तोंड करून बसले होते. कल्ले संथ हलत होते. तिनं निवांतपणे चहा टाकला.

चहाला उकळी आली तेव्हा तिनं सहज वळून पाहिलं. कल्ले थांबले होते.

तिनं काचेवर टिचकी मारली. पुन्हा मारली. मग अनवाणीच धावत जाऊन तिनं दार उघडलं.

समोर लिफ्टही उघडत होती. सासऱ्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

"हळू. बघ, कशी गाढ झोपलीय."